येणाऱ्यांचा रकाना

सारी-तेरेकमध्ये ‘घरात माणसं किती?’ असं कोणी विचारलं, की समजावं, विचारणारा बाहेरचा आहे. गावातलं माणूस असं विचारत नाही. माणसं मोजली की कमी होतात, ही समजूत तिथे आजीच्या आजीपासून चालत आलेली. मेंढ्यांचंही तसंच, पण त्यामागचं कारण वेगळं. कुरणाची पट्टी दर मेंढीमागे बसते. त्यामुळे कुरण समितीचा माणूस आला, की प्रत्येकाच्या निम्म्या मेंढ्या मेव्हण्याच्या निघतात, आणि तो मेव्हणा नेमका पलीकडच्या खोऱ्यात राहायला असतो.

कुलिपा या गावची फेल्डशर. हुद्दा डॉक्टरच्या खालचा आणि नर्सच्या वरचा, काम दोघांचंही. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी शेगडी, वीज असेल तेव्हा चालणारा लशींचा फ्रिज आणि तुळईला टांगलेला तान्ह्या मुलांचा वजनकाटा. १९८८ च्या वसंतात नारिनच्या वैद्यकीय शाळेतून ती इथे आली तेव्हा वीस वर्षांची होती. सोबत एक पत्र्याची पेटी. पूल वाहून गेला होता, म्हणून सामूहिक शेतावरच्या ट्रॅक्टरवाल्याने पेटी आणि तिला नदीपार करून दिलं. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅक्टरवाल्याशी, शार्शेनशी, तिचं लग्न झालं. गावात अजूनही म्हणतात, शार्शेनला पेटी हवी होती, बाई वर आली.

फेल्डशरला वर्षातून दोनदा घरोघर फिरून माणसांची नोंद करावी लागते. किती लशी मागवायच्या, गरोदर बायका किती, रक्तदाबवाले किती, सगळं त्यावर ठरतं. पहिल्या फेरीत तिने सरळ ‘किती जण?’ विचारलं होतं. अर्ध्या घरांनी तिला चहाही दिला नाही. तेव्हापासून तिची रीत ठरलेली. घरात जायचं, बसायचं, लोणी लावलेली रोटी खायची आणि एकेकाची चौकशी करायची. थोरल्याचा खोकला कसा आहे? धाकट्या सुनेचे पाय अजून सुजतात का? विचारलेल्याचं उत्तर येतं, न विचारलेलंही त्यामागून येतं. नावं सांगायला कोणाची हरकत नसते. बाहेर पडल्यावर पुलाच्या कठड्यावर बसून ती सगळी नावं वहीत उतरवते. बेरीज घरी जाऊन करते.

वहीत दोन रकाने आहेत. एक ‘इथे’, दुसरा ‘येणार’. सरकारी नमुन्यात दुसरा रकाना नाही. तो तिने पट्टीने आखून घेतला, मॉस्कोला, येकातेरिनबुर्गला, अल्माटीला कामाला गेलेल्यांसाठी. पहिल्या वर्षी त्यात सहा नावं होती, आता एकोणतीस आहेत. चार-पाच जण खरोखर परत आले आणि त्यांची नावं डावीकडे गेली. एक नाव खोडावं लागलं, कारण तो माणूस पेटीत बंद होऊन आला. आला नाही म्हणून मात्र तिने आजवर कोणाचंच नाव खोडलेलं नव्हतं. त्या एकोणतीसमध्ये चार नावं तिच्या घरची होती: मुलगा एर्मेक, सून आणि दोन नाती. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

यंदा ऑगस्टमध्ये तालुक्याहून परिपत्रक आलं. गावोगावच्या दवाखान्यांची फेरमांडणी होणार होती. ज्या गावात प्रत्यक्ष राहणारी माणसं तीनशे किंवा जास्त, तिथला दवाखाना पूर्णवेळ राहील आणि फेल्डशर निवृत्त झाली तर तिच्या जागी दुसरी येईल. तीनशेच्या खाली दवाखाना आठवड्यातून दोन दिवस, आणि आहे ते माणूस निवृत्त झालं की जागा रद्द. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर असलेला माणूस धरायचा नाही. परिपत्रक लिहिणाऱ्याचं काही चुकलं होतं असंही म्हणता येत नाही. तालुक्यात रिकामे दवाखाने होते, आणि भरलेल्या दवाखान्यांत माणसं उभ्याने सलाईन घेत होती.

कुलिपाला येत्या एप्रिलमध्ये अठ्ठावन्न पूर्ण होतात, म्हणजे पेन्शन लागू. तिच्या स्वतःच्या पोटाचा प्रश्न यात नव्हता. प्रश्न होता, तिच्यानंतर कोण. तालुक्याचं रुग्णालय घाटापलीकडे बावन्न किलोमीटरवर, आणि जानेवारीत घाट बंद झाला की त्या किलोमीटरांना काही अर्थ उरत नाही. पण वहीत दोन्ही रकाने मिळून तीनशे सत्तावीस नावं होती. ‘येणार’वाले बाहेरचे आहेत असं तिने कधी धरलंच नव्हतं, म्हणून ती निश्चिंत होती.

गणना सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. उन्हाळी कुरणांवरून माणसं खाली उतरली होती, म्हणजे वेळ योग्य निवडली होती. पण नेमक्या त्याच तीन दिवसांत कुलिपाला तालुक्याला बोलावून घेतलं होतं, संगणकावरची नवी नोंदवही कशी भरायची ते शिकवायला. परत आली तेव्हा ग्रामकार्यालयाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. सारी-तेरेक: प्रत्यक्ष राहणारी माणसं २८१. हरकती दहा दिवसांत.

गावप्रमुख मामिर दारातच उभा होता. पन्नाशीचा, कोणाशीही भांडण न करता निवडून आलेला माणूस. डोक्यावरची लोकरीच्या नमद्याची टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

“वाचलंत, एजे?” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला म्हणतो, गावातले निम्मे पुरुष म्हणतात.

“वाचलं. ही माणसं कुठे गेली?”

“मला काय विचारता? माझ्याच बायकोने घरात तिघं सांगितली. मी घरी जेवायला बसलो होतो, मला पण धरलं नाही.”

काय झालं ते कुलिपाला बुरुल आपाच्या घरी कळलं. बुरुल आपा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गावातल्या सगळ्यात मोठ्या घराची म्हातारी. आपा म्हणजे आई, आईच्या वयाच्या बाईलाही तिथे तेच म्हणतात. ती हा किस्सा आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

“नारिनहून पोरगी आली. हातात ती काळी पाटी. आल्या आल्या म्हणते, आजी, किती जण राहता? बस नाही, चहा नाही. मी म्हटलं, असू पाच-सहा. ती उंबऱ्याकडे बघते. अकरा जोड बूट. म्हणते, हे कोणाचे? मी म्हटलं, पाहुण्यांचे.”

“आणि बाळ?”

“ते पडद्यामागे होतं. रडायला लागलं. मी म्हटलं, टीव्ही आहे.”

“सकाळपासून वीज नव्हती त्या दिवशी.”

“ते तिला कुठे माहीत?” म्हातारी हसली. मग कुलिपाचा चेहरा बघून थांबली. “का गं? काय झालं?”

“तो आकडा दवाखान्यासाठी होता, आपा. तीनशे भरले नाहीत तर दवाखाना दोन दिवसांवर येईल. मी गेल्यावर तोही नाही.”

बुरुल आपाने हातातली वाटी खाली ठेवली. “मग तसं सांगायचं तिने. ती म्हणाली, मी सरकारकडून आले.”

घरोघर हेच झालं होतं. कोणी म्हातारा बाप लपवला, कोणी जुळी मुलं एक करून सांगितली. एका घराला वाटलं जनावरांचा कर आला. त्यांनी माणसांबरोबर गायही मागच्या दाराने हाकलली. एका बाईने नवऱ्याला वगळलं, कारण तो त्या दिवशी पिऊन पडला होता आणि ती त्याला माणसांत धरत नव्हती. सगळ्यांनी मिळून, कोणीही कोणाशी न ठरवता, गाव लहान करून दाखवलं होतं.

हरकत घ्यायची तर प्रत्येक सुटलेल्या माणसाचा चौदा आकडी ओळख क्रमांक आणि कार्डाचा फोटो द्यायचा होता. खाली गावप्रमुखाची आणि फेल्डशरची सही. फेल्डशरच्या सहीवर एक ओळ छापलेली होती: ‘वरील व्यक्ती गावात राहतात हे मी स्वतः पाहिलं आहे.’

पाच दिवस कुलिपा हिंडली. या वेळी रोटी खाऊन भागणार नव्हतं. कार्डं मागावी लागत होती. लोक ती काढून देत होते, थोडे ओशाळून. बुरुल आपाने अकरा कार्डं पदरात आणून ओतली. बाराव्याचं काय, असं कुलिपाने विचारल्यावर मात्र ती ताठ झाली.

“चाळीस दिवस झाल्याशिवाय नाही. एकोणतीसच झालेत.”

“आपा, हरकतीची मुदत आधी संपते.”

“संपू दे. माझी दोन बाळं गेली आहेत चाळीस दिवसांच्या आत. तू तेव्हा गावात नव्हतीस.”

कुलिपाने अकरा कार्डं एकावर एक रचली. तिला ठाऊक होतं, तालुक्याच्या रुग्णालयात मूल जन्मलं की त्याच दिवशी त्याला क्रमांक मिळतो. तो तिच्या संगणकावर दिसतही होता. म्हातारीला न सांगता तो लिहून टाकता आला असता. कोणाला कळलंही नसतं.

“त्याला नंबर मिळालाय, आपा. जन्मला त्याच दिवशी.”

“कोणी दिला?”

“मशीनने.”

म्हातारीने पडद्याकडे पाहिलं. आत सून श्वास रोखून ऐकत होती, हे बाहेर कळत होतं.

“म्हणजे मोजून झालाय.”

“हो.”

“आणि काही झालं नाही त्याला.”

“वजन चांगलं वाढतंय.”

“मशीनला डोळे नसतात,” बुरुल आपा शेवटी म्हणाली. “ज्याला डोळा नाही त्याची दृष्ट कशी लागणार? लिही. पण आकडा तोंडाने म्हणू नकोस.”

पाचव्या दिवशी संध्याकाळी कुलिपाने बेरीज केली. दोनशे सत्त्याण्णव. परत केली. उलट्या बाजूने केली. वसंतातल्या फेरीत ‘इथे’च्या रकान्यात दोनशे अठ्ठ्याण्णव होते, त्यानंतर दोघं वारले आणि एक जन्मला. हिशेब चोख होता. गावाने सोळा माणसं लपवली होती, ती सगळी सापडली होती. आता कोणी उरलं नव्हतं. उरला होता तो उजवीकडचा रकाना.

दुसऱ्या दिवशी मामिर दवाखान्यात आला, रुग्णासारखा बाकावर बसला आणि म्हणाला, “तीन कमी.”

“तीन कमी.”

“तुमच्या पेटीत एर्मेकची कार्डं आहेत ना? तो परदेशप्रवासाच्या पासपोर्टवर गेला, कार्डं मागे ठेवून. बाकीचे सगळे कार्डं घेऊन गेलेत, मी विचारून बघितलं. फक्त तुमच्याकडे आहेत. त्याचं, सुनेचं, पोरींच्या जन्मदाखल्यांच्या नकला. पत्ता तुमच्याच घराचा आहे. तीनने काम होईल, पण घर अर्धं कसं लिहिणार, म्हणून चार.”

“ते इथे राहत नाहीत, मामिर.”

“तुम्हीच तर सहा वर्षं लिहिताय, येणार म्हणून.”

“येणार लिहिते. इथे नाही लिहीत.”

“एजे, कोण तपासायला येतंय? ती पोरगी येईल, फोटो काढेल, जाईल. तीनशे एक. गावाला आणखी वीस वर्षं दवाखाना. कोणाचं नुकसान आहे यात, मला सांगा.”

त्याचं म्हणणं सोपं होतं. तिच्याकडे होती ती एक जुनी गोष्ट, आणि ती मामिरलाही माहीत होती. पंचवीस वर्षांपूर्वी गोवराच्या लशीचं प्रमाण पंच्याण्णव टक्के दाखवा म्हणून वरून निरोप आला. कुलिपाकडे ब्याण्णव होते. तीन मुलं वरच्या कुरणावर होती, उतरली की टोचू, अशा हिशेबाने तिने ‘दिली’ असं लिहून टाकलं. मुलं उतरली तेव्हा लस संपली होती. पुढच्या हिवाळ्यात गोवर आला. दोघं बरे झाले. तिसऱ्याचा एक कान कायमचा गेला. तो आता गावाच्या टोकाला गॅरेज चालवतो. गाडी दुरुस्तीला घेऊन गेलं की डावीकडे उभं राहून बोलावं लागतं. त्याच्या घरच्यांनी कुलिपाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांनी तिने स्वतः जाऊन सांगितलं.

“ती गोष्ट वेगळी होती,” मामिर तिच्या मनातलं ओळखून म्हणाला. “तिथे लस नव्हती आणि होती म्हणून लिहिलं. इथे उलट आहे. इथे खोटं लिहिलं तर औषध मिळेल.”

“मी रविवारपर्यंत सांगते,” कुलिपा म्हणाली.

रविवारी दुपारी शार्शेन अंगणात लाकडं फोडत होता. कुलिपाने पेटी उघडली, कार्डं काढली आणि उन्हात ओट्यावर मांडली. थोरल्या नातीच्या दाखल्याच्या नकलेवर चहाचा डाग होता. शार्शेनने एकदा बघितलं आणि कुऱ्हाड चालूच ठेवली.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं.

“मला काय वाटायचं? मी त्याचा घोडा चौथ्या वर्षीच विकला. तेव्हा तू माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हतीस.”

“तीन दिवस.”

“मला आठ वाटले.”

तिने फोन लावला. एर्मेकने दुसऱ्या घंटेला उचलला.

“आपा? बरी आहेस ना? दुपारची कधी करत नाहीस.”

“बरी आहे. तुमची कार्डं माझ्याकडे आहेत. गावच्या यादीत तुम्हा चौघांची नावं घालायची म्हणतात. दवाखान्यासाठी.”

“घाल की.”

“तुम्ही इथे राहता असं लिहावं लागेल.”

“लिही. कोण बघायला येणारंय?”

“येणार आहात का?”

तिकडे नळ चालू होता, तो बंद झाला. “या उन्हाळ्यात जमलं तर बघू म्हणत होतो.”

“भेटायला नाही विचारत. राहायला.”

कुलिपाने घाई केली नाही. रुग्ण गप्प झाला की थांबायचं असतं, हे तिला सवयीने माहीत होतं.

“थोरली पाचवीत गेली,” तो म्हणाला. “तिला आपली भाषा वाचता येत नाही आता. धाकटी तुझ्याशी फोनवर बोलते तेवढंच बोलते. आणि आपा, आम्ही मार्चमध्ये घर घेतलं. सांगणार होतो.”

“किती खोल्या?”

“दोन.”

“ऊन येतं?”

“स्वयंपाकघरात येतं. सकाळचं.”

“बरं आहे मग.”

“आपा, तरी तू लिही ना. माझी काही हरकत नाही.”

“ठीक आहे. मुलींना टोपी घालून शाळेत पाठव.”

तिने फोन ठेवला, कार्डं रुमालात गुंडाळली आणि पेटीत परत ठेवली. मग वही घेतली. चार नावं खोडायला वेळ लागत नाही. शार्शेन कुऱ्हाड ओंडक्यात रोवून शेजारी येऊन बसला. म्हणाला, “घर घेतलं का?”

“तुला माहीत होतं?”

“मे महिन्यात सांगितलं त्याने. म्हणाला, आपाला तूच सांग. मी म्हटलं, तुझं तू सांग.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी किती दिवस बोलायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं असावं. पण संध्याकाळी त्याला औषधाची गोळी द्यायची होती, तेव्हा बोलावं लागलं.

मंगळवारी ती नारिनची पोरगी आली. नाव एल्झात, वय तेवीस, पायात शहरी बूट. या वेळी ती चहाला बसली. कोणीतरी तिला शिकवलं होतं किंवा तिला आपसूक कळलं होतं. कार्डांचे फोटो बघून झाल्यावर तिने टॅबच्या काळ्या पाटीवर बोट फिरवलं.

“दोनशे सत्त्याण्णव होतात, एजे.”

“हो.”

“सोळा जण कसे काय सुटले माझ्याकडून? मी प्रत्येक घरी गेले होते.”

“सुटले नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून पळाले.”

मामिर खिडकीपाशी उभा होता. तो खाकरला. एल्झातने त्याच्याकडे पाहिलं, मग कुलिपाकडे. तीही मूर्ख नव्हती.

“तीन कमी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे ना? आणखी काही नावं असतील तर मी आज दिवसभर आहे. गाडी पाचला निघते.”

“आणखी नाहीत.”

“एजे,” मामिर म्हणाला.

“मी पाहिलेलं नाही, मामिर. इथे छापलंय, मी स्वतः पाहिलं आहे. सहा वर्षांत मी त्यांना फोनच्या काचेवरच पाहिलं.”

तिने सही केली. मामिरनेही केली, पण पेन टेबलावर जरा जोरात ठेवलं. पाचच्या गाडीची वाट बघताना एल्झातने विचारलं, पुढच्या गावात तरी कसं विचारू? कुलिपाने तिला सांगितलं, आधी खोकला विचार.

निकाल नोव्हेंबरमध्ये आला. दवाखाना मंगळवार आणि शुक्रवार, बाकीचे दिवस कुलूप. पगार निम्मा. फेल्डशर निवृत्त झाल्यावर जागा रद्द. कुलिपाने पेन्शनचा अर्ज केला नाही.

गावात बोलणं झालंच. बुरुल आपा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, “घर तुझं रिकामं झालं, कुलिपा, आणि दवाखाना आमचा गेला.”

“सोळा माणसं तुम्ही लपवली होती, आपा. ती मी परत आणली. सहा तुमच्याच घरची.”

“पण चार तू खोडलीस.”

“खोडली.”

म्हातारीने गल्ल्यावर पैसे ठेवले. साखर घेतली आणि गेली. त्यानंतरही बाळाला वजनाला आणत राहिली, मंगळवारी, वेळेवर. मामिरने मात्र महिनाभर कुलिपाला पाहिलं की रस्ता बदलला. छोट्या गावात हे सोपं नसतं. रस्ता एकच आहे. तो नदीच्या कडेने दगडांवरून जायचा.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी त्याची बायको साल्किन कुलिपाच्या घरी आली. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. कुलिपाने तिला शेगडीजवळ बसवलं, दाब मोजला. एकशे ऐंशीच्या वर होता. गोळी दिली, अर्धा तास बसवून ठेवलं, परत मोजला. मग दवाखान्याची नोंदवही काढली. ती आता घरीच असायची.

साल्किनने वाकून पाहिलं. “तारीख आजची घालतेस?”

“मग?”

“बुधवारी दवाखाना बंद असतो. तुला बंद दिवशी काम करायची परवानगी नाही, मामिर म्हणत होते. कालची घाल. तुलाच ताप होईल.”

“आणखी कोण कोण आलं बंद दिवशी, बघायचंय?” कुलिपाने मागची पानं उलटली. सोमवार, आसान, हात भाजला. गुरुवार, जुळ्यांतला एक, ताप. शनिवार, रविवार. तीन आठवड्यांत एकोणीस नोंदी, आणि घाट अजून उघडा होता. “मार्चमध्ये घाट उघडला की हे सगळं तालुक्याला पाठवणार. त्यांनी माणसं मोजली. आता आजारपण कुठल्या वारी येतं तेही मोजू देत.”

“त्यांनी ऐकलं नाही तर?”

“नाही ऐकलं तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा.”

साल्किनने डोक्याला रुमाल बांधला. जाताना दारात थबकली. “मामिरचाही दाब वाढतो आजकाल. पण ते येणार नाहीत तुझ्याकडे. रागावलेत.”

“मंगळवारी यायला सांग.”

“मंगळवारी त्यांना तालुक्याला जायचं असतं.”

“मग ज्या दिवशी येतील त्या दिवशी या म्हणावं,” कुलिपा म्हणाली आणि साल्किनच्या नावापुढे बुधवार लिहिला.